गाडी तापल्यावर तपासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुनी गाडी घेऊन गॅरेजात गेलं की हल्ली पहिला सल्ला मिळतो, 'काढून टाका आता.' दुसरा मिळतो नवा पार्ट टाकण्याचा. आधी तपासून तर बघू, असं म्हणणारा मिस्त्री आपल्या भागात शोधावा लागतो. त्याबद्दल हे पत्र.

माझी गाडी 2009 सालची, तीन सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी. 15 वर्षं पुरी झाल्यावर आरटीओत रीतसर पासिंग करून पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिनं एक नवीनच खोड काढली. अमळनेरहून निघालं की पारोळ्यापर्यंत अगदी गुणी. हायवेला लागून मुकटीच्या आसपास पोचलं की मिसिंग सुरू. पिकअप जायचा, धक्के बसायचे आणि फागण्याला एखाद्या ट्रकमागे वेग कमी करावा लागला की स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळी गाडी थरथरायची. धुळ्याला लेकीकडे दुपार काढून परत निघावं, तर पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची.

गॅरेजात काय होतं बघा. गाडी लावायची आणि नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसायचं. तेवढ्यात इंजिन निवतं. मग मिस्त्री बॉनेट उघडतो, रेस देऊन बघतो आणि म्हणतो, 'मस्त चालतेय की!' (हे सांगतो आमच्या ह्यांना. ह्यांनी आयुष्यात सायकलपलीकडे काही चालवलेलं नाही. गाडी माझी, चालवते मी.) त्यानंतर अंदाजपंचे काम सुरू. प्लग बदलले, मिसिंग कायम. सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारे इंजेक्टर धुतले, कायम. पेट्रोल पंप 'वीक' ठरला, नवा आला, तरी कायम. एका ठिकाणी स्कॅनर लावला. त्यात एरर दिसेना, म्हणून गाडीत दोषच नाही असं सांगून मोकळे झाले. वास्तविक मिसफायरची नोंद ठेवणारी ओबीडी 2 पद्धत आपल्याकडे बीएस 4 गाड्यांना सक्तीची झाली ती 2013 पासून. त्याआधीच्या गाडीत स्कॅनर गप्प बसला तर त्यात नवल ते काय? शेवटी 'हेड काढावं लागेल' इथपर्यंत मजल गेली, तेव्हा मी तिथून उठले.

पुढे एकदा धुळ्याला जाताना मिसिंग ऐन भरात असतानाच हायवेलगतच्या एका लहानशा गॅरेजपुढे गाडी उभी केली. मिस्त्री वयस्कर, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी किल्लीला हात घातला तर म्हणाले, "बंद नका करू ताई. तिले तपू द्या, मंग पाहू."

एसी लावून गाडी तशीच उभी ठेवली. थरथर चांगली वाढल्यावर त्यांनी एकेका इंजेक्टरचं वायरिंगचं सॉकेट काढून बघायला सुरुवात केली. एक नंबरचं काढलं, इंजिन आणखी लंगडलं, बंद पडायला आलं. लावलं की सावरलं. तीन नंबरचंही तसंच. दोन नंबरचं काढलं तर इंजिनाला पत्ताच नाही! जे सिलिंडर आधीच काम करत नव्हतं, त्याचं पेट्रोल तोडून काय फरक पडणार? प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवते ती कॉईल चालू इंजिनावर उपसून बघायची काहींना सवय असते, ती यांना नव्हती. एक तर हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून कायमचा निकामी होऊ शकतो.

मग इंजिन बंद करून त्यांनी फक्त दोन आणि तीन नंबरच्या कॉईलची अदलाबदल केली. या गाडीत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असते. पुन्हा चालू करून तापवली. आता दोन नंबर ठणठणीत आणि तीन नंबर मेलेला. म्हणजे दोष कॉईलबरोबर चालत गेला. एकही पार्ट विकत न घेता निकाल लागला. दोष दोन नंबरवरच राहिला असता, तर त्याच पद्धतीनं प्लग, मग इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघितलं असतं, तेही गरम इंजिनावर, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून. सीएनजी-एलपीजीवर चालवलेल्या जुन्या गाड्यांत व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती सीट झिजून टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवलेला, गॅप कमी होतो. व्हॉल्व्ह तापून वाढला की नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन सुटतं. थंड इंजिनावर गेज लावलं तर ते सगळं ठीकच दाखवू शकतं.

मी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून कॉईलचं थोडं सांगते. आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. तापलं की तांबं विजेला दर अंशाला साधारण 0.4 टक्के जास्त विरोध करतं, ते चांगल्या कॉईललाही चालतं. पण वर्षानुवर्षं तापून-निवून इन्सुलेशनला चीर पडली असेल, तर गरम झाल्यावर ती उघडते, करंट प्लगपर्यंत न जाता मधेच गळतो. निवल्यावर चीर मिटते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 पार जातो. त्यात गाडी उभी राहिली की हवा लागत नाही, बॉनेटखाली उष्णता आणखी चढते. म्हणून आपल्याकडे हा दोष उन्हाळ्यात लवकर उघडा पडतो आणि हिवाळ्यात गाडी 'आपोआप बरी' होते.

बाकड्यावरच्या मंडळींचं निदान मात्र ठरलेलं, सगळं त्या इथेनॉलचं! जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील इथेनॉलनं खराब होऊ शकतात, हे मान्य. पण टाकीतलं पेट्रोल तिन्ही सिलिंडरना एकच जातं. एकच सिलिंडर बंद पडत असेल तर टाकीला कशाला शिव्या?

माझी मागणी मोठी नाही. बिलावर पार्टच्या नावापुढे कोणती तपासणी केली आणि काय आढळलं, हे गॅरेजवाल्यांनी एका ओळीत लिहावं. आपल्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात गरम इंजिनावरचे दोष मुलांकडून गरम इंजिनावरच शोधून घ्यावेत. आणि गिऱ्हाइकांनी गाडी किती किलोमीटरनंतर बिघडते, उभी असताना की चढावर, हे लिहून न्यावं. बदललेला जुना पार्टही परत मागावा, तो आपला असतो.

माझी ती कॉईल मी मागून घेतली आहे. एखाद्या आयटीआयच्या सरांना वर्गात दाखवायला हवी असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं. मी स्वतः गाडीनं आणून देईन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, अमळनेर, जि. जळगाव