राजीनाम्याच्या गोष्टीसोबत हिशोबाची वहीपण छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हल्ली एक ठरलेली गोष्ट असते, तुमच्याच नव्हे, सगळ्याच पेपरांत असते. अमक्याने लाखाच्या पगारावर लाथ मारली आणि गोव्यात येऊन पाव भाजायला लागला, नाहीतर मडकी घडवायला, नाहीतर शेती करायला, आणि आता तो सुखी आहे. फोटोत मागे हिरवंगार शेत, हातात चहाचा मग, पायात चपला नाहीत. मी पण असलीच एक गोष्ट आहे म्हणून लिहिते, फक्त माझा फोटो काढायला कोण आलं नाही आणि आलं असतं तरी मी चपला काढून उभी राहिले नसते, पावसात आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत, जळवा असतात.

मी फोंडा तालुक्यातली, सावईवेऱ्याकडची. शिकून पुण्याला गेले आणि हिंजवडीत 11 वर्षं काढली. काम वाईट नव्हतं हो, हे आधीच सांगते, कारण सोडणारा प्रत्येकजण नोकरीला शिव्या घालतो आणि त्याच नोकरीवर घेतलेल्या गाडीतून गावाला येतो. अमेरिकेतल्या क्लायंटची सिस्टीम रात्री झोपली की ती उठवायची, एवढं माझं काम. माणसं चांगली होती, कँटीनचे पोहे सोडले तर तक्रार नाही. पण शेवटची दोनेक वर्षं असं व्हायला लागलं की सकाळी कॅबमधून उतरून जिना चढताना आज वार कुठला ते आठवायचं नाही, आणि एकदा आईने फोनवर सांगितलं यंदा मिरीला घोस बरे धरलेत तर मी म्हटलं "ओके, नोटेड." आईला! ती हसली. मी नाही हसले.

राजीनामा दिल्यावर 90 दिवसांचा नोटीस पिरियड आणि शेवटच्या आठवड्यात एक्झिट इंटरव्ह्यू. एचआरची पोरगी, असेल चोवीस-पंचवीसची, स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली, मॅम रीझन सिलेक्ट करा. यादीत चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, तब्येत आणि इतर. मी म्हटलं, सुपारी. तिने एकदा मान वर करून बघितलं आणि "इतर"वर क्लिक केलं.

गावात आल्यावर वेगळाच प्रश्न, "कित्याक गो सोडली?" आमच्याकडे सरकारी नोकरी तीच नोकरी. भावाला सरकारी हायस्कुलात लागली तेव्हा अख्ख्या वाड्यावर पेढे वाटले, मी त्याच्या दुप्पट कमवत होते तेव्हा लोक विचारायचे "अजून प्रायव्हेटच?" त्यामुळे मी सोडून आले म्हणताच दोघातिघांना वाटलं हिला सरकारी लागली असणार, अभिनंदनपण करून गेले.

आता मुद्द्यावर येते. मे महिना आहे, घरोघर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, चाललंय, सोलं वाळताहेत, मिरच्या, मीठ, कडधान्य भरून ठेवणं चालू आहे. पाऊस लागला की बाजाराचा भरवसा नाही हे ज्या बायकांनी कधीकाळी ओळखलं त्यांनी ही रीत पाडली. नोकरी सोडण्याचं अगदी तसंच आहे. राजीनामा टाइप करायच्या आधी मी सव्वादोन वर्षं पुरुमेंत केलं, आणि ते कसं करायचं हे मला एकाही पुरवणीतल्या गोष्टीत सापडलं नाही. सगळ्या गोष्टी सुरूच होतात मुळी "एके दिवशी त्याने ठरवलं" पासून.

एके दिवशी काही होत नाही. ग्रॅच्युइटी साधारण पाच वर्षं सलग झाल्यावर मिळते, आणि ती पूर्ण सीटीसीवर, म्हणजे कंपनी सांगते त्या सगळ्या पॅकेजवर, नाही, माझ्या वेळी शेवटच्या बेसिकवर होती, महिना 26 दिवसांचा धरून वर्षाला 15 दिवसांचा पगार, इथेच अर्ध्या लोकांचा हिशोब चुकतो. पीएफ लगेच काढायची घाई केली नाही, खात्यात पडून राहिला तरी व्याज चालू असतं, 2024-25 ला 8.25 टक्के होतं, आणि पाच वर्षांच्या आत काढणाऱ्याला वर टॅक्स बसतो. त्यातल्या पेन्शनच्या भागाचं तर मला शेवटच्या महिन्यात कळलं, 10 वर्षं भरली असली की ते पैसे रोख मिळत नाहीत, सर्टिफिकेट घेऊन ठेवायचं आणि वयाच्या 58 ला पेन्शन. मी त्या पैशात पंप घ्यायचा ठरवला होता. मेडिक्लेमचं अजून वाईट, कंपनीचं ग्रुप कव्हर नोकरीबरोबर संपतं. सासूबाईंना शुगर आहे, नवीन पॉलिसीत आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लागू शकतं, म्हणून पगार चालू असतानाच वेगळी पॉलिसी काढली. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे, बांबोळीला जीएमसी हे सरकारी हॉस्पिटल आहे, मोठीच सोय, पण त्या कार्डाला पाच वर्षांचं गोव्यातलं वास्तव्य लागतं आणि मी तर 11 वर्षं पुण्यात. आईबाबांचं कार्ड होतं, माझं नाही. आपल्याच गावात आपण बाहेरचे, कागदावर तरी.

हे झालं कागदांचं. खरी गोष्ट पुढे आहे आणि मला कोणी मुलाखतीत विचारलं असतं तर बहुतेक मीसुद्धा ती गाळली असती. माझा नवरा नोकरी करतो. पुण्याला होता, आता कुंडईच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, पगार पुण्यापेक्षा कमी. पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता भाड्यातून अर्धा सुटतो, उरलेला अर्धा आणि मुलीची शाळा, लाईट बिल, गॅस, सगळं त्याच्या पगारातून. पहिली शिफ्ट असली की तो काळोखात निघतो आणि मी कुळागरात उतरत असते, गेटपर्यंत टॉर्च मी धरते, पुढे त्याच्या बाईकचा लाईट. एकदा हेल्मेट घालता घालता म्हणाला, "तुझ्या आनंदाची शिफ्ट मी करतो." चेष्टेनेच म्हणाला. पण दोन दिवस ते माझ्या डोक्यातून जाईना. आणि तूपण सोड आता, असं मी त्याला अजून एकदाही म्हटलेलं नाही, हेही लिहून टाकते.

दुसरी गोष्ट जमिनीची. लेखात ती अर्ध्या वाक्यात येते, "वडिलोपार्जित जागा होतीच." अहो तेच तर सगळं आहे! फोंड्यात आज जागा विकत घेऊन पोफळी लावायच्या म्हटल्या तर माझी 11 वर्षांची शिल्लक कुंपणालाच संपली असती. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लेकीला मुलाइतकाच वाटा, म्हणून मी माहेरच्या कुळागरात हक्काने उतरू शकले, पुण्यातल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांना खरंच वाटत नाही. पण हक्क वेगळा आणि वाटणी वेगळी. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे आमच्या गोव्याच्या सातबाऱ्यावर, अजून आजोबांचं नाव आहे, खाली चुलत्यांची. शेतीच्या सरकारी योजनांना लागणाऱ्या कृषी कार्डासाठी एकेकाच्या सह्या गोळा करत फिरले त्यात दीड महिना गेला, आणि प्रत्येक घरी चहा घेताना एकच विचारणा, विकायचा तर विचार नाही ना? भाऊ काही बोलत नाही. वहिनी एकदा भाजी चिरता चिरता म्हणाली, "ताई, सुपारीचे पैसे कुणाच्या खात्यात जातात गं?" प्रश्न वाजवी होता. त्या दिवसापासून मी वही ठेवते, ओसरीवर खुंटीला टांगलेली असते, कोणीही उघडून बघावी.

त्या वहीतलं पहिलं वर्ष सांगते. सुपारी, नारळ, मिरी, केळी, थोडे अननस मिळून आले 1,90,000. पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, माडामागे 100 घेतो आणि तो बोलावल्या दिवशी येत नाही, आपल्याला त्याच्या सवडीने घरी थांबावं लागतं, माझ्या जुन्या मॅनेजरपेक्षा त्याचं कॅलेंडर फुल. माकडांनी आडसरं, म्हणजे शहाळी, तोडून खाली टाकली त्याचा हिशोब कुठे लिहायचा ते मला अजून कळलेलं नाही. सुपारी उन्हात चाळीसेक दिवस वाळवायची, मग सोलायची, निवडायची, मग कुठे पैसे. मजुरी, खत, फवारणी, पाटाची दुरुस्ती वजा जाता राहिले 72,000. वर्षाचे. पुण्यात माझा एका महिन्याचा पगार याहून जास्त होता.

फवारणीचं मात्र सविस्तर लिहिते कारण ते मला आवडतं. पावसात सुपारीला कोळेरोग लागतो, कोवळी फळं कुजून गळतात, त्यावर पाऊस लागायच्या आधी बोर्डो मारायचं आणि चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी परत. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलटं नाही. पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहात मोबाईलवर बघून कालवलं आणि बाबा काही न बोलता कोयती घेऊन आले, पातं मिश्रणात बुडवलं, थोड्या वेळाने वर काढलं तर पात्यावर तांबूस थर. "चुना उणा पडला," एवढंच म्हणाले. मूठभर घातला, पातं पुसून परत बुडवलं, अजून तांबूस, अजून एक मूठ. तिसऱ्यांदा पातं स्वच्छ आलं. मी 11 वर्षं टेस्टिंग टेस्टिंग करत होते, इतकी सुटसुटीत टेस्ट एकदाही बघितली नव्हती. ते निळं पाणी त्याच दिवशी संपवावं लागतं, उद्यावर ढकलता येत नाही.

सुख मिळालं का? मिळालं, पण लोक समजतात तसलं सुशेगाद, निवांत नव्हे. पाठ दुखते, हात खरबरीत झालेत, बँकेत लोन विचारायला गेले तर आधी सॅलरी स्लिप मागितली. पण वार कुठला ते मला ठाऊक असतं. पाणी सोडायचा वार, पाडेली येणार म्हणून न येण्याचा वार, बाजाराचा वार.

गेल्या महिन्यात शेजारचा मुलगा बंगळूरूहून आला होता, नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालंय. मोबाईलवर असल्याच एका लेखाचा फोटो दाखवत म्हणाला, मावशी, मी पण सोडतो. त्याच्या बापाच्या नावावर जागा नाही, आई शिवणकाम करते, धाकटी बहीण कॉलेजला. मी त्याला सोडू नको म्हटलं नाही, मी कोण सांगणार, फक्त वही काढून हातात दिली. अर्धा तास वाचत बसला. मग म्हणाला, "मावशी, यात काकांचा पगार कुठल्या पानावर आहे?" पोरगा हुशार आहे, बरोबर जागेवर बोट ठेवलं. तो लिहिलेलाच नव्हता. आता वेगळं पान केलंय.

तर संपादकसाहेब, गोष्टी छापा, आम्हालाही वाचायला बरं वाटतं. फक्त फोटोखाली एक छोटी चौकट घाला. सोडताना किती महिन्यांची शिल्लक होती, जागा कुणाची, घरात दुसरा पगार कुणाचा, आजारपणाची सोय काय. चार ओळींचं काम. माझ्यापासून सुरुवात करायची असेल तर वहीची झेरॉक्स पाठवते. तिसऱ्या पानावर मोरचुदाचा निळा डाग पडलाय, त्याखालचा आकडा झेरॉक्समध्ये उठणार नाही, तो 4,300 आहे, फवारणीची मजुरी.

आपली,
एक वाचक
सावईवेरे, फोंडा