राजधानीची सहल वार पाहून आखावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीतील सहलींच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत आणि ‘दोन दिवसांत संपूर्ण दिल्ली’ ही ओळ पुन्हा वाचनात आली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका सहलीतून मी माझ्या ७८ वर्षांच्या वडिलांना दिल्लीला नेले होते. ते निवृत्त इतिहासशिक्षक. पानिपतच्या स्वारीत, १७६० साली, सदाशिवरावभाऊंनी फौजेच्या खर्चासाठी लाल किल्ल्यातील दिवाण-ए-खासचे चांदीचे छत काढले, हा प्रसंग त्यांनी वर्षानुवर्षे वर्गात शिकवला होता. ती जागा एकदा डोळ्यांनी पाहावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आमची बस लाहोरी दरवाजासमोर थांबली तो सोमवार होता, आणि सोमवारी लाल किल्ला बंद असतो. वडील लोखंडी कठडा धरून तटावरच्या तिरंग्याकडे पाहत राहिले, आणि ‘चला, गाडी सुटते’ असा पुकारा होताच निमूटपणे आपल्या जागेवर येऊन बसले. छापील कार्यक्रमात ‘लाल किल्ला दर्शन’ असे होते. आयोजकांना विचारले तर दर्शन म्हणजे बाहेरूनच, असे उत्तर मिळाले. ते उत्तर मला आजही सलते.

लाल किल्लाच नव्हे, राष्ट्रीय संग्रहालय, तीन मूर्ती येथील प्रधानमंत्री संग्रहालय, अक्षरधाम आणि कमळ मंदिर ही सारी ठिकाणे सोमवारी बंद असतात. आग्र्याला जोडून जाणार असाल, तर ताजमहाल शुक्रवारी बंद. हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे, त्यामुळे सहल आखणाऱ्याला ते ठाऊक नसणे शक्य नाही. सोमवार दिल्लीतच काढायचा असेल, तर त्या दिवशी कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि इंडिया गेटजवळचे २०१९ साली उभे राहिलेले राष्ट्रीय युद्धस्मारक निवांत पाहता येते.

दुसऱ्या खेपेस आम्ही सगळे स्वतः आखले. दिवाळीनंतर दिल्लीची हवा धुराने कोंदलेली असते आणि डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून फेब्रुवारी निवडला. त्या सुमारास राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यानही खुले असते. मुक्काम चार दिवसांचा ठेवला, सकाळी एक ठिकाण आणि दुपारी विश्रांती. फिरणे बहुतेक मेट्रोने केले, कारण बहुतेक स्थानकांवर उद्वाहन आहे आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसच्या उंच पायऱ्यांपेक्षा ते फार सोयीचे पडते. एक संध्याकाळ तालकटोऱ्यासाठी राखली. १७३७ साली बाजीराव पेशव्यांची फौज तिथवर येऊन ठेपली होती, आणि २०२५ चे अठ्ठ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरले. मराठी माणसांना दिल्ली दाखवणाऱ्या सहलींत हे ठिकाण सहसा नसते, याचे मला वाईट वाटते.

लाल किल्ल्यात वडील छत्ता चौकाच्या बाजारातून हळूहळू चालत दिवाण-ए-खासपर्यंत आले. आता तिथे लाकडी छत आहे. त्यांनी नातवाला जवळ घेतले, हातातली काठी वर करून दाखवली आणि भाऊंच्या दिल्लीतल्या मुक्कामाची हकिकत सांगितली. आजूबाजूची दोन-तीन अनोळखी मराठी माणसेही ऐकायला थांबली.

म्हणून सहल आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे, की कार्यक्रमात प्रत्येक ठिकाणापुढे तारखेबरोबर वार लिहावा, ते आतून दाखवणार की बाहेरून हे स्पष्ट छापावे आणि तिथे किती वेळ मिळणार तेही नमूद करावे. वाचकांनीही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी हे तीन प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत. आपल्या पर्यटन पुरवणीत दिल्लीतील ठिकाणांचे सुट्टीचे वार एकदा चौकटीत छापले, तर सुट्टीआधी ते अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल.

आपली,
एक वाचक, सातारा