फुलांचा परफ्यूम पुरुषांनी का लावू नये?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दिवाळी खरेदीच्या पानावर परफ्यूमची यादी आली होती, त्यात बायकांसाठी मोगरा गुलाब जाई असं सगळं फुलांचं आणि पुरुषांसाठी मात्र लाकूड, लेदर, समुद्र अशी सरळ वाटणी केलेली होती, मला ते अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. मी कॉलेजात होतो तेव्हापासून आजपर्यंत एकच परफ्यूम लावत आलोय, अमेरिकन फॅशन डिझायनर जेफ्री बीन यांचा ग्रे फ्लॅनेल, आणि तो पुरुषांसाठीच बनवलेला आहे आणि त्यात फुलं आहेत, भरपूर आहेत.

आमचे मोठे मामा मर्चंट नेव्हीत होते, 1987 साली सुट्टीवर आले तेव्हा करड्या फ्लॅनेलच्या छोट्या पिशवीत घातलेली एक बाटली त्यांनी मला दिली (ग्रे फ्लॅनेल म्हणजे करडं मऊ लोकरी कापड). मी लगेच मनगटावर मारला आणि नाक लावलं तर इतका कडू हिरवा वास की मी तोंड वाकडं केलं. मामा म्हणाले, "अरे लगेच नाक लावू नकोस, अर्धा तास दम धर." अर्ध्या तासाने तो मऊ झाला, पावडरीसारखा आणि थोडा गोडसर, आणि माझी आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाली की दवणा कुठून आणलास रे? दवणा त्यात नाहीये, पण आईचं नाक बरोबर होतं, वास त्याच घराण्यातला आहे. पान चुरगळल्यावर येतो तो.

तो सुरुवातीचा कडूपणा कशाचा, हे मला बऱ्याच वर्षांनी वाचून कळलं. गॅल्बनम नावाचा एक डिंक असतो, इराणच्या डोंगरात वाढणाऱ्या फेरुला जातीच्या झुडपाचा चीक तो, आणि आपला हिंगसुद्धा फेरुलाचाच चीक आहे, म्हणजे दोघं सख्खे चुलतभाऊ झाले की! ढोबळी मिरची चिरताना जो वास येतो ना, त्यातलं एक मुख्य द्रव्य गॅल्बनममध्ये पण असतं, म्हणून पहिली दहा मिनिटं तो वास कच्च्या भाजीसारखा, नुकत्याच मोडलेल्या देठासारखा वाटतो. लोक इथेच घाबरतात आणि बाटली परत ठेवतात.

नंतर येतं ते व्हायलेट. हेच ते आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात सर्दीच्या काढ्यासाठी बनफशा म्हणून मिळतं त्या कुळातलं फूल. ह्या फुलातून सुगंध काढणं इतकं महाग पडायचं की आज फुलाचा अर्क व्यापारी प्रमाणात कोणी काढतच नाही, त्या वासाची किल्ली सापडली ती 1893 साली, टीमान आणि क्रूगर ह्या दोन जर्मन केमिस्टनी आयोनोन नावाचं द्रव्य बनवलं तेव्हा. आणि आयोनोन कशापासून बनतं तर सिट्रल ह्या लिंबासारख्या वासाच्या द्रव्यापासून, आणि सिट्रल कुठे भरपूर असतं तर गवती चहाच्या तेलात! केरळातून हे तेल कितीतरी वर्षं परदेशात जात आलंय. मला हे वाचून इतका आनंद झाला की मी त्या दिवशी घरात सगळ्यांना पकडून पकडून सांगत होतो, की जो वास तुम्हाला परदेशी वाटतो त्याचं मूळ आपल्या कुंडीतल्या गवती चहात पण आहे.

आयोनोनची अजून एक गंमत म्हणजे ते नाकाला थोडा वेळ बधिर करतं. वास येतो, मग गायब होतो, तुम्हाला वाटतं उडून गेला आणि पाच मिनिटांनी परत येतो. म्हणून ह्या परफ्यूमवाल्या माणसाने स्वतःला वास येत नाही म्हणून परत परत मारू नये, बाजूच्याला येत असतो. दोन स्प्रे पुरतात, तिसरा नको.

आणि फुलाच्या जोडीला व्हायलेटचं पान. ते अजूनही खरंखुरं लावतात, फ्रान्समध्ये ग्रास ह्या अत्तरांच्या शहराजवळच्या तुरेत-सुर-लू गावात आणि इजिप्तमध्ये, आणि त्याचा वास काकडीसारखा येतो, म्हणजे अक्षरशः काकडीसारखा कारण दोन्हीत अल्डिहाइड प्रकारचं एकच वासाचं द्रव्य आहे. कोशिंबिरीसाठी काकडी चोचवताना मला दरवेळी मामांची आठवण येते.

जेफ्री बीन हे मूळचे अमेरिकेतल्या लुइझियानाचे, डॉक्टरकी अर्धवट सोडून कपड्यांच्या डिझाइनमध्ये आलेले, 2004 साली गेले. पुरुषांच्या सुटाचं करडं फ्लॅनेल घेऊन त्यांनी बायकांचे पार्टीतले झगे शिवले होते. कापडात त्यांनी ही बाई-पुरुष भिंत मानली नाही आणि 1970 च्या दशकाच्या मध्यावर हा परफ्यूम आला तेव्हा वासातही मानली नाही असं मला वाटतं, कारण गॅल्बनमचं नाव झालं होतं ते व्हाँ व्हेर नावाच्या बायकांच्या परफ्यूममुळे, 1947 साली जेर्मेन सेलिए ह्या बाईंनी बनवलेल्या. तोच हिरवा कडूपणा इथे पुरुषांच्या बाटलीत आला, बनवणारे आंद्रे फ्रोमँतँ. पुढे 1985 चा ग्रीन आयरिश ट्वीड आला, 1988 चा फॅरनहाइट आला, दोन्हीत व्हायलेटचं पान आहे आणि दोन्ही पुरुषांचेच. मग फूल बायकांचं हे कोणी ठरवलं?

शेवटी तळाला जे उरतं ते ओकमॉस, ओकच्या खोडावर उगवणारं. नावात मॉस असलं तरी ते शेवाळ नाही, आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल जसं ना फूल ना दगड तसंच हे, दोघंही लायकेनच, म्हणजे बुरशी आणि शैवाल एकत्र वाढून होतं ते. दगडफूल कोरडं भाजायला घेतलं की जो मातकट, जंगलासारखा वास सुटतो तो आठवा. ओकमॉसमधल्या दोन घटकांनी काही लोकांना त्वचेची ॲलर्जी होते म्हणून युरोपने 2017 साली नियम केला आणि 2021 पासून त्या घटकांची उत्पादनं विकायला तिथे पूर्ण बंदी आली. ॲलर्जीचा प्रश्न खरा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण मामांच्या जुन्या बाटलीच्या तळाशी अजून चार थेंब आहेत, आणि आत्ताची बाटली शेजारी ठेवून वास घेतला तर फरक कळतो, जुन्यात शेवटचा मातीचा भाग जास्त खोल होता. तरीही नवीन मला आवडतो. पहिला तास अजून तसाच अंगावर येतो.

आपल्याकडे तर पुरुषांनी सुगंध लावायची केवढी मोठी रीत होती. आमचे आजोबा लग्नाला निघताना कानात अत्तराचा फाया ठेवायचे, उन्हाळ्यात वाळ्याचं, थंडीत हिना, मांडवात पुरुष मंडळींच्या हातावर अत्तर लावलं जायचं, अंगावर गुलाबपाणी शिंपडलं जायचं आणि त्यात कोणाला काही बायकी वाटत नव्हतं. चैत्रात जोतिबाला दवणा वाहतात, तो वास पुरुषांच्या सदऱ्याला पण लागतोच की. दोन वर्षांपूर्वी एका मॉलमधल्या दुकानात मी भाच्यासाठी ग्रे फ्लॅनेल मागितला तर तिथल्या मुलाने ऐकूनच सांगितलं की सर तो ओल्ड टाइप आहे, थोडा लेडीजसारखा पण आहे, हा ब्लू घ्या सगळे हाच घेतात. भाचा माझ्या शेजारी उभा होता आणि त्याचं तोंड उतरलं, कारण त्याला मामाचा वास हवा होता. मला त्याचं फार वाईट वाटलं. शेवटी आम्ही दुसरीकडून मागवला.

म्हणून एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा बाई-पुरुष अशा दोन रकान्यांऐवजी वासाप्रमाणे रकाने करा, हिरवे एकीकडे, फुलांचे एकीकडे, मसाल्याचे एकीकडे, आणि ज्याला जो आवडेल तो त्याने घ्यावा. ग्रे फ्लॅनेल महागड्या बाटल्यांपेक्षा बराच स्वस्त मिळतो, नवीन नोकरी लागलेल्या मुलालाही परवडेल. कागदाच्या पट्टीवर वास घेऊन ठरवू नका एवढं मात्र आवर्जून लिहा, मनगटावर मारा, दुकानातून बाहेर पडा, चहा घ्या आणि मग नाक लावा. पावसाळ्याच्या दमट हवेत तर तो विशेष छान लागतो, ओल्या बागेसारखा. मे महिन्याच्या दुपारी लोकलच्या गर्दीत लावू नये, तिथे तो कडूपणा जरा जास्त होतो.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली