पाय वाजले पाहिजेत!

संपादक महोदयांस,
सप्रेम नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांमधून क्रीडाशिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि सध्या मुलाकडे टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोत राहतो. आपला ई-पेपर इथली बरीच मराठी मंडळी सकाळच्या चहाबरोबर वाचतात. त्यातले कितीतरी जण मुलांच्या शाळेच्या पालक संघात आहेत, म्हणून हे पत्र मुद्दाम आपल्याकडे पाठवतो आहे. विषय आहे इथल्या शाळांत होणाऱ्या मेक्सिकन लोकनृत्याच्या कार्यक्रमांचा.

15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा अमेरिकेत हिस्पॅनिक वारशाचा महिना. 1968 साली अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात त्याची सुरुवात आठवड्याने झाली, 1988 मध्ये महिना झाला. या निमित्ताने शाळा लोकनृत्याच्या एखाद्या पथकाला बोलावतात आणि खर्च बऱ्याच ठिकाणी पालक संघच उचलतो. सॅन अँटोनियोत पथक शोधायला लांब जावं लागत नाही. 1836 पर्यंत हा मुलूख मेक्सिकोतच होता, शहरातली निम्म्याहून जास्त वस्ती आजही हिस्पॅनिक आहे, आणि ग्वादालूपे सांस्कृतिक केंद्रासारख्या ठिकाणी पोरंसोरं नाच शिकायला जातात. म्हणजे नाचणारे आहेत, बघणारे आहेत, पैसेही आहेत. तरीसुद्धा कार्यक्रम पुष्कळदा फुकट जातो, आणि त्याचं कारण जमिनीत आहे.

या नाचाच्या बुटांना चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकलेल्या असतात, अगदी दाटीवाटीने. बूट हातात घेऊन उलटा केला की खाली लोखंडाचा जवळजवळ सलग ठिपका दिसतो. त्यांच्या भाषेत पायांच्या या कामाला सापातेआदो म्हणतात. टाच, चवडा, पुन्हा टाच असा पाय इतका भरभर पडतो की नर्तक हा वादकांपैकीच एक होतो. मी आयुष्यभर मुलांच्या हातात लेझीम दिली. तिथे ताल हातात वाजतो, इथे पायात, एवढाच फरक. आता शाळेची व्यायामशाळा डोळ्यांसमोर आणा. गुळगुळीत, चकाकणारी, बास्केटबॉलसाठी महागामोलाचं पॉलिश दिलेली जमीन. तिच्यावर चुका ठोकलेले बूट कोण चालू देईल? नातीच्या शाळेत पथकाला बुटांच्या तळव्यांवर चिकटपट्टी लावायला सांगितलं. मुलींनी खाली बसून मुकाट्याने पट्ट्या चिकटवल्या आणि मग नाचल्या. घागरे फिरले, फिती उडाल्या, स्पीकरवर मारियाची हे मेक्सिकन वाद्यवृंदाचं संगीत वाजत राहिलं, पाय मात्र मुके. लेझमीच्या चकत्या काढून घेऊन कवायत करायला सांगावी, तशातली गत. माझ्या शेजारी बसलेला पहिलीतला पोरगा तिसऱ्या गाण्याला बुटाची नाडी सोडून परत बांधत होता. त्याची काय चूक?

शाळेच्या जमिनीची काळजी चुकीची आहे असं मी म्हणत नाही. जमीन खराब झाली की बोलणी शिपायालाच बसतात, हे मी जाणतो. पण यावर उपाय आहे, आणि तो त्याच लोकांनी फार पूर्वी काढलेला आहे. मेक्सिकोच्या आखाती किनाऱ्यावरच्या व्हेराक्रूझ प्रांतात सोन हारोचो नावाचं गाणं-वाजवणं आहे. तिथे रात्रभर चालणाऱ्या जलशाला फांदांगो म्हणतात, आणि त्याच्या मधोमध असते तारिमा. तारिमा म्हणजे लाकडाचा बुटका, आतून पोकळ चौथरा. बाया आणि जोड्या पाळीपाळीने त्यावर चढतात, भोवती वादक उभे असतात, आणि ती पोकळ फळी पायांखाली ढोलासारखी घुमते. शाळेने एवढंच करावं. चार बाय आठ फुटांच्या जाड प्लायवुडच्या शीट घ्याव्यात, खाली पट्ट्या मारून त्या जमिनीपासून बोटभर उचलाव्यात, पट्ट्यांना खालून फेल्ट किंवा जुना गालिचा चिकटवावा. जमीन शाबूत राहते आणि आवाज भिंतीपर्यंत जातो. दोन वडीलमंडळींचं शनिवारचं काम आहे, आणि आपल्यात सॉफ्टवेअरवाले भरपूर असले तरी ड्रिल मशीन प्रत्येकाच्या घरी असतंच.

दुसरी गोष्ट वादकांची. सगळं मारियाची मंडळ बोलावलं तर खर्च आवाक्याबाहेर जाईल, मान्य. पण एक हाराना वाजवणारा आला तरी पुरे. हाराना म्हणजे गिटारीच्या कुळातलं छोटं, तालासाठी छेडायचं वाद्य. त्याच्या जोडीला किहादा असली तर मग विचारूच नका. किहादा म्हणजे गाढवाचा, नाहीतर घोड्याचा, वाळवलेला खालचा जबडा. बाजूने मूठ मारली की सैल झालेले दात खळखळतात, आणि दातांवरून काठी ओढली की करकर असा आवाज येतो. तो जबडा पोरांच्या रांगेतून एकदा फिरवा. कुठल्याही पडद्यावरच्या चित्रफितीने हे काम होणार नाही.

याच प्रांतातला 'ला बांबा' मुलांसमोर करायला फार उत्तम. गाणं जगाला ठाऊक झालं, पण त्यावरचा नाच लग्नात करायचा. एक लांब फीत फळीवर टाकतात आणि नवरा-नवरी नाचता नाचता, हात न लावता, नुसत्या पायांनी तिची फुलासारखी गाठ बांधतात. ताल चुकवायचा नाही, खाली वाकायचं नाही. शेवटी गाठ उचलून दाखवतात. हे पंधरा फुटांवरून बघणारं मूल श्वास रोखून पायांकडे बघतं, आणि ज्याच्याकडे बघायचं ते हेच, असं कुणी सांगावं लागत नाही. पथकांना माझी विनंती आहे की चाळीस मिनिटांत पाच वेळा पोशाख बदलू नयेत. पोशाख बदलताना मुलं रिकाम्या जमिनीकडे आणि वाजणाऱ्या स्पीकरकडे बघत बसतात. दोनच नाच करा, पण पहिल्या रांगेतल्या मुलाला बुटाच्या चुका दिसतील इतक्या जवळून करा.

पथकं असं का करतात, तेही समजण्यासारखं आहे. आमालिया हेर्नांदेस यांनी 1952 साली जी नृत्यमंडळी उभी केली आणि जी 1959 पासून मेक्सिको सिटीच्या बेयास आर्तेस या नाट्यगृहात नाचते, तिचा थाट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. तो थाट खरोखर देखणा आहे. पण तो हजारो प्रेक्षकांच्या नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेसाठी रचलेला आहे. शाळेत शेवटची रांग तीस फुटांवर असते. जवळ बसायला मिळणं ही शाळेची श्रीमंती, आणि तीच आपण उधळतो.

शाळेशी या नाचांचं नातं नवीन नाही. क्रांतीनंतरच्या मेक्सिकोत होसे वास्कोन्सेलोस 1921 ते 1924 शिक्षणमंत्री होते. त्यांच्या काळात हालिस्को प्रांताचा हाराबे तापातिओ, म्हणजे मोठ्या टोपीभोवतीचा नाच, सरकारी शाळांमधून शिकवायला सुरुवात झाली. 1923 पासून सांस्कृतिक मिशन या नावाने शिक्षकांची पथकं खेडोपाडी जाऊ लागली. आजही मेक्सिकोत 10 मेच्या मातृदिनाला शाळेच्या पटांगणात वर्गावर्गाचे प्रादेशिक नाच होतात आणि आया उन्हात उभ्या राहून बघतात. (त्याआधी 1919 मध्ये रशियन बॅले नर्तकी ॲना पाव्हलोव्हा मेक्सिकोत आली होती आणि तिने हाराबे चवड्यांच्या टोकावर नाचून दाखवला. वाहवा झाली म्हणतात. टाच मात्र वाजली नसणार.) वास्कोन्सेलोस यांच्या या धोरणावर टीकाही झाली. एकच हाराबे साऱ्या देशाचा झाला आणि गावोगावचे बारकावे मागे पडले, ही टीका मला पटते. टेक्ससच्या शाळेतही मोठ्या टोपीभोवतीचा तो एकच नाच म्हणजे मेक्सिको, असा समज करून पोरं घरी जातात.

म्हणून दोन नाच निवडायचेच तर ते दोन वेगळ्या मुलखांचे असावेत. व्हेराक्रूझच्या जोडीला मिचोआकान प्रांतातला म्हाताऱ्यांचा नाच घ्यावा. पात्स्कुआरो सरोवराच्या परिसरातल्या पुरेपेचा लोकांचा हा नाच. गुलाबी, हसऱ्या म्हाताऱ्याचे मुखवटे घालून, काठी टेकत, खोकत, कंबर धरत नर्तक येतात, आणि बघता बघता लाकडी तळव्यांच्या वहाणांनी असा काही ताल धरतात की मुखवट्यामागे तरणीताठी पोरं आहेत हे लगेच कळतं. मग एखाद्याची पुन्हा कंबर धरते. आठ वर्षांच्या मुलांना यापेक्षा मोठा विनोद ठाऊक नाही. उत्तरेकडचा नुएवो लेओन घेतला तर अकॉर्डियनवरचा पोल्का मिळेल. युरोपातून आलेला, मेक्सिकोत रुळलेला, टेक्ससच्या मुलांना तर घरचाच.

हरणाचा नाच मात्र शाळेच्या धांदलीत बसवू नये, असं माझं मत आहे. सोनोरा प्रांतातले याकी आणि मायो हे आदिवासी लोक तो करतात. डोक्यावर हरणाचं शिर, पोटऱ्यांना किड्यांच्या वाळक्या कोषांत खडे भरून केलेल्या लांबच लांब माळा, बाजूला पाण्यात पालथा घातलेला भोपळा वाजतो. दिसायला विलक्षण आहे आणि म्हणूनच रंगमंचावर तो उचलला गेला. पण याकींच्या घरी ते देवाचं काम आहे. आपण स्वतः स्नेहसंमेलनात देवीचा गोंधळ घालतो, तेव्हा मला हे बोलायचा अधिकार किती, हा प्रश्नच आहे. तरी बोलतो.

आता आपल्या मंडळींबद्दल. पालक संघाच्या बैठकीत दिवाळीचा विषय निघाला की आपण उत्साहाने पुढे होतो. सप्टेंबरच्या कार्यक्रमाचा विषय निघाला की फोन बघतो, कारण 'तो त्यांचा'. नात्याचाच आधार हवा असेल तर तोही आहे. हाराबेतल्या नर्तकीच्या पोशाखाला चिना पोब्लाना म्हणतात, आणि लोककथा त्याचा संबंध काटारिना दे सान हुआन या स्त्रीशी जोडते. पोशाखाची गोष्ट इतिहासकार मानत नाहीत, पण बाई खरी होती. हिंदुस्थानातून पळवून, कोची आणि मनिलामार्गे गुलाम म्हणून मेक्सिकोत विकली गेलेली, 1688 साली पुएब्लात वारलेली. आणि आपले वर्ध्याचे क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत कृषितज्ज्ञ झालेले पांडुरंग खानखोजे! मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतींवर दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने 1923 ते 1928 या काळात चित्रं रंगवली. त्यातल्या भाकरी वाटून घेणाऱ्या पंगतीच्या चित्रात खानखोजे आहेत. त्याच इमारतीत हरणाचा नाच आहे आणि फितींचा नाचही आहे. शिक्षण खात्याच्या भिंतीवर नाच रंगवावेसे वाटले, असा तो देश होता.

तेव्हा यंदा बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. फळी आहे का? वादक प्रत्यक्ष येणार का? आणि पथकातलं कुणी प्रत्येक नाचाआधी गावाचं नाव, काळवेळ दोन वाक्यांत सांगणार का? शेवटी सगळ्या मुलांना कागदी टोप्या घालून गोल फिरवायचा जो प्रकार असतो, तो वगळून त्या पाच मिनिटांत दहा-दहा मुलांना फळीवर चढवून एकच साधा पाय शिकवावा. उजवी टाच, डावा चवडा, डावी टाच, एवढंच. त्यांच्या रबरी तळव्यांच्या बुटांनाही पोकळ फळी थोडाफार आवाज देते.

शाळेचं म्हणणं 'प्लायवुड ठेवायला जागा नाही' असं असेल, तर आमच्या गॅरेजमध्ये आहे. सुनेला विचारून ठेवलं आहे.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक
सॅन अँटोनियो, टेक्सस