तो एमसीबी मोठा करू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, गीझर आणि इंडक्शन एकदम चालू असले की एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप वीज तोडणारा खटका, पडतो, म्हणून वायरमन १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवून देणार आहे असं तुम्ही म्हणालात. कृपा करून त्याला थांबवा. फोनवर सगळं नीट सांगता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एमसीबी गीझरच्या रक्षणासाठी नसतो, तो भिंतीतल्या वायरसाठी असतो. तुमचा गीझर ३००० वॅटचा आहे. वॅटला २३० व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात, म्हणजे एकटा गीझरच १३ अँपिअर ओढतो. इंडक्शन २००० वॅटचं, त्याचे जवळजवळ ९. झाले २२. त्यात आईने मायक्रोवेव्ह लावला की आणखी पाचेक, म्हणजे २७. आणि हे सगळं एकाच जुन्या लाइनवर! त्या लाइनची वायर बहुधा १.५ चौरस मिलिमीटरची असणार. पाइपातून नेलेल्या तशा तांब्याच्या वायरला साधारण १५ अँपिअरच्या आसपासच सोसतं.

आई, तू विचारलंस की कधी पाच मिनिटांत पडतो आणि कधी अर्धा तास काहीच होत नाही, हे कसं. एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापून वाकते आणि खटका पाडते. लोड थोडाच जास्त असेल तर तिला तापायला वेळ लागतो, खूप जास्त असेल तर लवकर वाकते. शॉर्ट सर्किट झालं तर मात्र आतलं चुंबक क्षणात पाडतं. म्हणजे तुमचा एमसीबी बिघडलेला नाही, तो अगदी चोख काम करतोय. ३२ चा बसवला तर २७ अँपिअरला तो पडणारच नाही. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता चौपट होते. वायरवरचं साधं पीव्हीसीचं आवरण ७० अंशांपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं. ते भिंतीच्या आत कडक होत जाईल, तडकेल, आणि तुम्हाला बाहेरून काहीच दिसणार नाही. मला भीती वाटते ती ह्याचीच.

खरा उपाय म्हणजे गीझरला आणि इंडक्शनला मेन बोर्डापासून वेगवेगळी लाइन ओढून घेणं. गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतःचा एमसीबी, दोन्हीकडे १६ अँपिअरचा मोठ्या पिनांचा सॉकेट. भिंत थोडी फोडावी लागेल किंवा बाहेरून पट्टी मारावी लागेल. दिसायला बरं दिसणार नाही, पण माझ्या मते तेवढं चालवून घ्यावं. एक्स्टेन्शन बोर्डावर मात्र गीझर, इंडक्शन, इस्त्री यातलं काहीही लावू नका.

काम होईपर्यंत आधी गीझर, तो बंद केला की मग इंडक्शन, असं चालू द्या. आच कमी केली म्हणजे लोड कमी झाला असं धरून चालू नका. मंद आचेवर बरीच इंडक्शन मधून मधून बंद होतात आणि पुन्हा पूर्ण ताकदीने चालू होतात.

बाबा, एक गोष्ट आजच बघा. इंडक्शन थोडा वेळ चालल्यावर कोरड्या हाताने प्लगच्या प्लास्टिकला बोट लावा. कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर सॉकेट आतून सैल झालाय. भोकांच्या कडेला तपकिरी डाग असेल किंवा जळका वास येत असेल तर तो सॉकेट वापरायचा नाही, मग एमसीबी पडो वा न पडो. सैल जोडणीत कमी लोडवरही आग लागते आणि एमसीबीला ते कळतही नाही.

पुढे एसी घ्यायचं मनात आहे ना, तर त्याआधी विजेच्या बिलावर मंजूर लोड किती किलोवॅट आहे ते वाचून सांगा. गीझर, इंडक्शन आणि एसी मिळून साडेसहा किलोवॅटच्या आसपास जातील. मंजूर लोड तेवढा नसेल तर आधी तो वाढवून घ्यावा लागेल, आणि मीटरपासून येणारी केबलही तपासावी लागेल.

आणि एमसीबीमुळे शॉकपासून संरक्षण मिळत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लगेच वीज तोडणारा खटका, लागतो. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं छोटं बटण असतं. तुमच्या बोर्डावर ते दिसतंय का बघा आणि फोटो पाठवा. फोटो बाहेरूनच काढा, बोर्डाचं झाकण स्वतः उघडू नका. आरसीसीबी नसेल तर नव्या लाइनी ओढतानाच बसवून घेऊ, आणि अर्थिंगही त्याच वेळी मोजायला सांगू.

तुमची लेक