हबची जागा नकाशावर ठरत नाही

महोदय,

रेल्वे-रस्ता मालवाहतुकीचे हब, म्हणजे ट्रक आणि रेल्वे यांच्यात माल चढवण्या-उतरवण्याचे केंद्र, कुठे असावे, हा वाद बहुधा जमिनीच्या दरापाशीच अडकतो. या प्रश्नाला गणिती रूप १९८७ साली भूगोलतज्ज्ञ मॉर्टन ओ'केली यांनी दिले. त्यात दोन हबांमधल्या वाहतुकीला ठरावीक सवलत धरतात, माल कितीही असो. अडचण इथेच आहे. ९० कंटेनरांची गाडी ४५ घेऊन निघाली तरी इंजिन, चालक आणि मार्ग यांचा खर्च जवळपास तोच राहतो. म्हणजे प्रति कंटेनर तो दुप्पट! सवलत भरलेल्या गाडीला मिळते, हबच्या पाटीला नव्हे.

वेळापत्रकही जागेसोबतच ठरवावे. एका दिशेचा प्रवास ४० तास आणि प्रत्येक टोकाला चढ-उतार ८ तास धरली, तर फेरा ९६ तासांचा होतो. रोज एक गाडी सोडायला ४ रेक (डब्यांचे पूर्ण संच) पुरतात. एका टोकाला क्रेन बिघडून ६ तास वाढले की फेरा १०२ तासांचा, आणि पाचवा रेक लागतो. म्हणून दुसरी क्रेन ही चैन नव्हे.

आठवड्याला एकच गाडी असेल तर केव्हाही येणारा कंटेनर सरासरी ८४ तास पडून राहतो. समान अंतराने तीन सोडल्या तर २८. शिवाय कारखान्यापासून हबपर्यंतचा ट्रकचा टप्पा किलोमीटरमागे सर्वांत महाग. ट्रक परतताना रिकामा येणार असेल, तर तेही भाडे हिशेबात धरा.

आपला,
एक वाहतूक नियोजक