मंत्रिमहोदय, दहा सेकंद वाढवून द्या

मा. नगरविकास मंत्री यांस,
स. न. वि. वि.

शहर राहायला चांगलं कशामुळे होतं, हा विषय निघाला की आधी जागतिक क्रमवाऱ्या पुढे केल्या जातात. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ या संशोधन संस्थेची राहण्यायोग्य शहरांची यादी त्यांतली सर्वांत गाजलेली. २०२२ ते २०२४ सलग तीन वर्षं तिच्यात व्हिएन्ना पहिलं होतं, २०२५ मध्ये कोपनहेगननं ती जागा घेतली. स्थैर्य, आरोग्यसेवा, शिक्षण, पायाभूत सुविधा, संस्कृती व पर्यावरण अशा पाच गटांत गुण मिळतात. गट योग्यच आहेत. पण परदेशी बदली झालेल्या कर्मचाऱ्याला कंपनीनं गैरसोयीचा भत्ता किती द्यावा, हे ठरवायला ही मोजणी वापरली जाते. राहणीचा खर्च तिच्यात धरलाच जात नाही. जो त्याच शहरात जन्मतो, भाडं भरतो आणि तिथंच म्हातारा होतो, त्याच्यासाठी हे माप अपुरं आहे.

मला दुसरं माप सुचवायचं आहे. ते मला सिग्नलवर सापडलं.

माझी आई ७८ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, तरी संध्याकाळी मैत्रिणीकडे जाऊन यायची तिची सवय. वाटेत सहापदरी रस्ता, रुंदी सुमारे २४ मीटर. चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा २० सेकंद. माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून अनेक देशांत ही वेळ ठरवली जाते आणि त्या हिशोबानं २० सेकंद बरोबर बसतात. आई सेकंदाला ०.८ मीटर चालते. मी शेजारून चालत घड्याळ लावलं होतं. दिवा लाल झाला तेव्हा आम्ही १६ मीटरवर होतो. उरलेले आठ मीटर तिनं माझा दंड घट्ट धरून, दुसरा हात गाड्यांपुढे उंचावून पार केले. मागून हॉर्न चालूच. पलीकडे पोचल्यावर ती बराच वेळ खांबाला टेकून उभी राहिली. नंतरचे पंधरा दिवस मी विचारलं की एकच उत्तर, “नको गं, फोन करते तिला.”

त्या वीस सेकंदांनी तिची मैत्रीण तोडली, साहेब. यात मी काही वाढवून सांगत नाही. १९६९ च्या सुमारास नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांवर पाहणी केली होती. दिवसाला सुमारे २,००० वाहनं जाणाऱ्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी तीन मित्र होते. १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकसुद्धा पुरता नव्हता, सरासरी ०.९. रस्त्यावरची वाहनं वाढली की शेजार आटतो, आणि हा तोटा कुठल्याही प्रकल्प अहवालात दिसत नाही.

व्हिएन्नाकडून शिकायचंच असेल तर क्रमांक सोडून हे शिकूया. नव्वदच्या दशकात तिथं लक्षात आलं की वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत यायच्या थांबतात. मोकळं मैदान एकच असलं की मोठी मुलं ते व्यापतात आणि मुली काठावरून परत जातात. मग १९९९ मध्ये तिथल्या आइन्झीडलर पार्क या बागेची मांडणी बदलली: वाटा आखल्या, जागा लहान भागांत विभागली. मुली परतल्या. ‘कोण दिसत नाही आणि का’ हे कुणीतरी जाऊन पाहिलं होतं, म्हणून हे जमलं. त्याच शहरातली निम्म्याच्या आसपास माणसं पालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, हेही त्या पहिल्या क्रमांकामागे आहे.

रोजगार नसेल तर बागा काय कामाच्या, असं आपले सल्लागार म्हणतील. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. पण कामाला जाणाऱ्या बाईला म्हातारी सासू आणि शाळेतलं मूल घरी बांधून ठेवावं लागलं, तर तिची नोकरीही किती टिकणार?

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. रस्त्यांच्या प्रत्येक आराखड्यात एक रकाना घाला: सत्तरीपुढचा माणूस आणि आठ वर्षांचं मूल इथून एकटं जाऊ शकेल का? उत्तर नाही असेल तर आराखडा परत पाठवा. आणि सिग्नलची वेळ ०.८ मीटरच्या हिशोबानं लावा. २४ मीटरला ३० सेकंद होतात. आमच्या चौकात फक्त दहा वाढवावे लागतील.

कळावे,
रोज पायी चालणारी एक नागरिक